वाड्यावर पाच आठवड्यांत तीन चोऱ्या: पोलिसांबरोबर बसून काय ठरवलं तर ते टिकतं?

आबोली
नमस्कार मंडळी. आमचा वाडा, म्हणजे गावातली वस्ती, गोव्यात बार्देश तालुक्यातला. घरं ४३, त्यांतली १७ वर्षाचे बहुतेक दिवस बंद. कुणी मुंबईला, कुणी आखातात, दोघे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, ही दारं उघडतात, विसर्जन झालं की पुन्हा कुलूप.

पाच आठवड्यांत तीन चोऱ्या झाल्या. पहिली एका निवृत्त शिक्षिकेकडे. बाई दोन दिवस लेकीकडे गेल्या होत्या. पोरसाच्या (परसबागेच्या) बाजूच्या खिडकीचे गज वाकवून कुणीतरी आत शिरलं. दोन समया, पाणी तापवायचं तांब्याचं भाण आणि तांदळाच्या डब्यात ठेवलेले पैसे गेले. दुसऱ्या चोरीत विहिरीवरचा पंप गेला, वायरीसकट. तिसऱ्या वेळी देवळातली फंडपेटी फोडली. वाडा जागा झाला तो या तिसऱ्या वेळी, आणि याचं मला फार वाईट वाटतं. बाईंच्या घरी चोरी झाली तेव्हा लोक त्यांनाच विचारत होते, कडी नीट लावली होती का म्हणून.

गेल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. पोलीस निरीक्षक स्वतः आले, बीटचा, म्हणजे आमच्या भागाच्या गस्तीचा, शिपाई आला, वॉर्डाचे पंच आले. पोलीस म्हणाले, समिती करा, आम्ही साथ देतो. मग तीन गट पडले. तरुणांना दांडे घेऊन रात्रीची गस्त हवी. काहींना कॅमेरे हवेत. आणि काहींचं म्हणणं, आधी भाड्याच्या खोल्यांतल्या लोकांना बाहेर काढा. चिटणीस म्हणून माझं नाव लिहिलं गेलं. पुढची बैठक येत्या रविवारी, चवथ सहा आठवड्यांवर.

तुमच्याकडे असं झालं तेव्हा तुम्ही काय केलंत? त्यातलं दोन महिन्यांनंतरही काय चालू राहिलं? पोलिसांकडे नेमकं काय मागावं?

डिचोलीकर
वाचतोय. आमच्याकडेही पंप गेले. दोन विहिरींवरचे, एकाच रात्री.

बांधावरून
आबोलीताई, कटू वाटेल, पण अनुभव सांगतो. आमच्या घरून आईच्या पाटल्या गेल्या. ठाण्यावर गेलो तर साधा अर्ज लिहून घेतला आणि वर शिक्का मारून दिला. बिलं आणा म्हणाले. पाटल्या आजीच्या, बिल कुठलं आणू? चार फेऱ्या मारल्या, दर वेळी वेगळा साहेब. आई शेवटी म्हणाली, राहू दे, माझ्याच हाताला टोचत होत्या. ती हे माझ्यासाठी म्हणाली, ते मला कळलं होतं. समिती करा, पण पोलीस येतील या भरवशावर राहू नका.

गस्तवाला
मी पोलीस खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. बांधावरून, तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं ते चूकच होतं. जुन्या दागिन्याचं बिल नसतं, हे प्रत्येक पोलिसाला ठाऊक असतं. लग्नातला फोटो, सोनाराने कधी डाग दिला असेल तर त्याचं सांगणं, अंदाजे वजन, एवढ्यावर गुन्हा नोंदवता येतो.

आता आबोलीताईंना. ठाणं आतून कसं चालतं ते कळलं, तर काय मागायचं तेही कळेल.

एका बीटच्या माणसाकडे एकच वाडा नसतो, बहुधा दोन-तीन गावं असतात. त्यात समन्स बजावायचे, पासपोर्टची चौकशी करायची, कोर्टात हजर राहायचं. आणि बंदोबस्त! गोव्यात बंदोबस्ताचं एक पंचांगच आहे. एप्रिल-मेमध्ये शिरगावची लईराईची जत्रा, नोव्हेंबरात पणजीला इफ्फी हा चित्रपट महोत्सव, मग नाताळ, ३१ डिसेंबरला किनारे, पुढे कार्निव्हल आणि शिगमो, दर दहा वर्षांनी जुन्या गोव्यातलं सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन, अधूनमधून निवडणुका आणि मोठे पाहुणे. त्या दिवसांत बीटचा माणूस तुमच्या वाड्यावर नसतो. चोराला हे पंचांग तुमच्यापेक्षा जास्त पाठ असतं. म्हणून निरीक्षकांना स्पष्ट विचारा, की बीटवाला बंदोबस्ताला गेला तर त्याच्या जागी कोण, आणि ते आम्हाला कोण कळवणार. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

दुसरं, सहीची वही. देवळात एक, वाड्याच्या तोंडावरच्या दुकानात एक आणि अगदी आतल्या घरात एक. गस्तीचा पोलीस येईल तेव्हा वेळ घालून सही करेल. आतली वही महत्त्वाची, नाहीतर गाडी रस्त्यावरून वळून जाते. महिन्याने त्या वह्या घेऊन निरीक्षकांकडे जा. भांडायला जाऊ नका. अमुक सोळा दिवस सही नाही, त्या दिवसांत आम्ही काय करू, असं विचारा.

तिसरं. चोर आत आहे किंवा कुणी गेट हलवतंय असं दिसलं तर ११२ लावा. बीटवाल्याचा मोबाईल नंतर. ११२ वर केलेल्या फोनची वेळ नोंदली जाते आणि जवळची गाडी कळते. बीटवाला बिचारा झोपलेला असेल, किंवा काणकोणात असेल.

चौथं. चोरी झालेल्या घरात शिरू नका. बायका आधी केर काढतात, देव पुसून जागेवर ठेवतात, उलटं पडलेलं कपाट उभं करतात. घर विटाळल्यासारखं वाटतं, मला कळतं. पण ठसे घेणारे येईपर्यंत थांबा. माझ्या नोकरीत किती ठसे फडक्याने पुसले गेले असतील, देव जाणे.

केगदी
मी पुण्यात, आईवडील फोंड्याजवळ दोघंच. गस्तवाला काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली.

एक शंका. आमच्या गावच्या व्हॉट्सॲप गटावर पंचांनी 'बंद घरांची यादी' टाकली होती. गटात २३० माणसं. कोण कधी येणार, किल्ली कुणाकडे, सगळं त्यात. मला ते वाचून धडकी भरली. ही तर चोरालाच दिलेली यादी ना?

गस्तवाला
केगदी, अगदी बरोबर. ती यादी कागदावर करायची. एक प्रत ठाण्यात बीटच्या फाइलीत, एक चिटणिसाकडे. व्हॉट्सॲपवर कधीही नाही. आणि किल्ली कुणाकडे आहे हे यादीत लिहायचंच नाही.

साधा गोंयकार
सगळं ठीक. पण मूळ मुद्दा कुणी बोलत नाही. भाड्याच्या एकेका खोलीत सात-आठ जण, कोण कुठले पत्ता नाही. मालकाला भाड्याशी मतलब. वीस वर्षांपूर्वी आमच्या गावात दारं उघडी असायची. भायले (बाहेरचे) आले आणि हे सुरू झालं. आधी त्यांची पडताळणी करा, मग कॅमेरे लावा.

रानवाट
साधा गोंयकार, मीही असंच बोलत होतो. पुढचं शांतपणे वाचा, एवढीच विनंती.

आमचा गाव सत्तरी तालुक्यात. काजूच्या दिवसांत बिया चोरीला जायला लागल्या. बागायतीत पहाटे जावं तर बोंडं पिळून टाकलेली आणि बिया गायब. मग दोन घरांतून गॅसचे सिलिंडर गेले. आम्ही तरुणांनी गस्त काढली. बॅटऱ्या, शिट्ट्या, दांडे. पहिल्या रात्री २६ जण होतो, चहा, भजी, जत्रेसारखं वातावरण. आठव्या रात्री अकरा. मग काही रात्री चार-पाच जणच. एकोणिसाव्या रात्री मी आणि माझा चुलतभाऊ, आणि तोही सकाळी कारखान्यात पाळी असल्याने एक वाजता घरी गेला. पोलिसांना आम्ही एका शब्दाने विचारलं नव्हतं.

त्यातल्या बाराव्या रात्री एक जण सापडला. पुलाच्या खाली, हातात पिशवी, आम्हाला बघून पळाला. आम्ही सहा जण होतो. पकडला. त्याला आमची भाषा येईना, आम्हाला त्याची. कुणीतरी पहिली थप्पड मारली आणि मग हात थांबले नाहीत. मीही मारलं. पिशवीत निघाला डबा आणि एक चादर. पलीकडच्या बांधकामावरचा मुलगा, ठेकेदाराशी भांडून रात्रीच निघाला होता, सकाळची पहिली बस पकडायला. अठरा-एकोणीस वर्षांचा. पळाला का, तर सहा माणसं दांडे घेऊन अंगावर आली म्हणून.

त्याच्या कानातून रक्त आलं होतं. मी त्याला मोटारसायकलवरून आरोग्य केंद्रात नेलं. तो वाटेत माझ्या शर्टाला धरून बसला होता, ज्याने मारलं त्यालाच धरून. तो परत कुठे दिसला नाही. बियांचा चोर पुढे पोलिसांना सापडला तो शेजारच्याच गावचा, आमच्याच बाजारात बिया विकताना.

आबोलीताई, दांडे घेऊन गस्त नको. हात जोडून सांगतो.

माटोळी
रानवाट, हे लिहिलंत, बरं केलंत.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते अशी मोबाईलवरची अफवा, तेवढंच कारण. पालघरात गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० रोजी दोन साधू आणि त्यांचा चालक गेला, तिथेही रात्री पहारे देणाऱ्या गावांत चोरांच्या अफवा पसरल्या होत्या. ही माणसं वाईट म्हणून जन्मली नव्हती. भीती, अंधार आणि हातात दांडा, एवढं पुरतं.

साधा गोंयकार
रानवाट, वाचलं. मारण्याचं समर्थन मी करत नाही, करणारही नाही. पण पडताळणी मागणं म्हणजे मारणं नव्हे. भाडेकरूची माहिती ठाण्यात देणं ही मालकाची जबाबदारी आहे की नाही?

गस्तवाला
आहे. परदेशी माणूस ठेवला तर २४ तासांत त्याची माहिती फॉर्म भरून द्यावी लागते, आणि आपल्या देशातल्या भाडेकरूचाही तपशील ठाण्यात द्यायचा असतो. पण ते काम मालक आणि पोलीस यांच्यातलं. समितीने खोल्यांत जाऊन आधार कार्ड मागायची नाहीत. तो अधिकार तुम्हाला नाही. समितीने मालकाकडे जावं. तो गावचाच असतो, कधी कधी समितीतच बसलेला असतो!

आणि अनुभवाचं सांगतो. बाहेरच्या टोळ्या मी पकडल्या आहेत, पत्रादेवीच्या नाक्यावर, मोल्याच्या नाक्यावर. पण कुठल्या घरात काय आहे आणि माणसं कधी नसतात, ही खबर त्यांना बहुतेक वेळा गावातूनच गेलेली होती.

कुळागर
मी वकिली करतो, मुख्यतः फौजदारी. बांधावरून यांच्यासारखे लोक रोज भेटतात म्हणून कायद्याचं थोडं लिहितो. १ जुलै २०२४ पासून जुनी कलमं बदलली आहेत, ठाण्यावर जाताना नवी माहीत असावीत.

घरात शिरून केलेली चोरी ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. देवळातल्या मूर्तीच्या चोरीलाही हेच कलम. घर फोडून शिरल्याचं कलम ३३१ वेगळं. हे गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांनी एफआयआर नोंदवायलाच हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. नुसत्या अर्जावर शिक्का घेऊन परत येऊ नका. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती मागून घ्या.

जिथे लोक फसतात ती जागा सांगतो. साध्या चोरीत माल पाच हजारांच्या आतला असेल तर नव्या कायद्यात ती अदखलपात्र धरली आहे. म्हणून 'पंप जुना होता, तीनेक हजारांचा' असं सहज बोलून जाऊ नका. नव्या पंपाची किंमत, वायर, बसवणावळ, जे खरोखर गेलं ते सगळं लिहा. खोटं वाढवू नका, पण आपल्या तोंडाने कमीही करू नका.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यावर माहिती देता येते, ऑनलाइनही देता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. नोंदवून घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, तिथेही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं बंधन आता पोलिसांवर आहे.

आणि रानवाट यांनी लिहिलेल्या प्रसंगाबद्दल. सामान्य माणसाला त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली चोराला पकडता येतं, पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा आणि तो आपल्या डोळ्यांदेखत झालेला हवा. संशयावरून नाही. पकडल्यावर लगेच, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. मारण्याची परवानगी कुठल्याही कलमात नाही.

बांधावरून
कुळागर, अधीक्षकांना लिहायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आता उशीर झाला का?

कुळागर
नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतीची अडचण येत नाही. लग्नातला फोटो शोधा. बाकीचं निरोपातून बोलू.

सोळांबी
कॅमेऱ्यांविषयी लिहिते, कारण आमच्या पर्वरीच्या सोसायटीत पैसे घालून शिकलो.

चार कॅमेरे, सगळे उंचावर. चोरी झाली तेव्हा चित्रणात दिसल्या दोन टोप्या. वरून टोपीच दिसणार! एक तरी कॅमेरा गेटपाशी, माणसाच्या तोंडाच्या उंचीला हवा, आणि एक गाड्यांच्या नंबरासाठी, थोडा खाली. रात्री हेडलाइटच्या झोतात नंबर पांढरा होऊन जातो, म्हणून बसवणाऱ्याला रात्रीच बोलावून तपासून घ्या.

मग आपला पाऊस. जूनमध्ये कोळी भिंगावर जाळी विणतात, कधी वीज पडून यंत्र जळतं, आणि लाइट गेली की सगळंच आंधळं. बॅटरी हवी, अर्थिंग हवं, आणि दर पंधरा दिवसांनी कापसाने पुसणारा माणूस हवा. तो माणूस ठरला नसेल तर कॅमेरे घेऊ नका. चित्रण साठवणारा डबा दर्शनी भागात ठेवू नका, चोर तोच घेऊन जातात.

आमचा एक कॅमेरा शेजारच्या बाल्कावाकडे (दारापुढच्या ओसरीकडे) वळलेला होता. त्या बाई तिथे बसून भाजी चिरतात. त्यांनी रागाने सांगितलं तेव्हा आम्हाला कळलं. आपल्यावर कुणी कॅमेरा रोखला तर आपल्याला आवडेल का?

पोलिसांना चित्रण देताना ते कुठल्या यंत्रातून, कुणी काढलं याचं प्रमाणपत्रही लागतं, नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. ते नसेल तर कोर्टात त्या चित्रणाचा उपयोग होत नाही. आणि डब्यात चित्रण किती दिवस राहतं ते बघा. आमच्याकडे सात दिवस. लोक गावाहून दहाव्या दिवशी आले.

दोडामार्गकर
सीमेपलीकडून नमस्कार. महाराष्ट्रात बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल फ्री नंबरावर फोन करायचा, आपला आवाज त्याच क्षणी गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर जातो. चोर, आग, बिबट्या, पूर, कशालाही. चांगली गोष्ट अशी की खोटा किंवा उगाच फोन केला तर नंबर बंद होतो. तसं काही गोव्यात पंचायतीतून उभं करता येईल का ते बघा. आमच्याकडे गेलेला माल तुमच्याकडे विकतात आणि तुमचा आमच्याकडे, तेव्हा दोन्हीकडचे भंगारवाले बघायला हवेत. पंपाचं तांबं तिथेच जातं.

डिचोलीकर
भंगाराचा मुद्दा महत्त्वाचा. पंपावर आपलं नाव आणि खूण कोरून ठेवा. मी दोन्ही नव्या पंपांवर छिन्नीने कोरलं. फोटो काढून ठेवला.

व्हाळ
आमच्या वाड्याला राखणदार, म्हणजे राखण करणारा देव, आहे. म्हापशात बोडगेश्वर आहे, तसा आमचा वडाखालचा. आजी सांगायची, तो रात्री हातात दांडा घेऊन सीमेवरून फिरतो. लहानपणी त्याच्या वहाणांचा आवाज ऐकू यावा म्हणून मी जागा राहायचो.

माटोळी
व्हाळ, आमच्याकडेही. माझी आजी त्याला रोट द्यायची आणि कुत्र्यांनाही त्यातला तुकडा टाकायची. 'हेही त्याचेच,' म्हणायची. आमच्या वाड्यावरचा काळू कुत्रा बीटच्या पोलिसावर भुंकतो आणि पंचांवरही भुंकतो, पण पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, शेपटी हलवतो. पोलिसाने आता खिशात बिस्कीट ठेवायला सुरुवात केली आहे. गस्तीची वेळ आम्हाला काळूच्या गप्प राहण्यावरून कळते!

काजूबी
पोदेराचा विषय निघाला म्हणून सांगते. हेच लिहायला आले होते.

आमच्या शेजारच्या आजी एकट्या राहतात. गेटला पावाची पिशवी लावतात, पोदेर पहाटे त्यात पाव घालून जातो. एके दिवशी तो माझ्या दारात आला आणि म्हणाला, बाय, कालचे पाव पिशवीत तसेच आहेत. आम्ही गेलो. आजी न्हाणीघरात पडल्या होत्या, रात्रभर. वाचल्या.

ही चोरीची गोष्ट नाही. पण त्या दिवशी आम्हाला कळलं की वाड्यात रोज प्रत्येक दारात जाणारी चार माणसं आहेत. पोदेर, नुस्तेंवाली (मासेवाली), पेपरवाला, दूधवाला. आमच्या बैठकीला आम्ही त्यांना बोलावलं. आधी ती माणसं लाजली, मागे उभी राहिली. नुस्तेंवाली शेवटी म्हणाली, गेले तीन मंगळवार एक पांढरी स्कूटर व्हाळाकाठी (ओढ्याकाठी) उभी असते, माणूस फोनवर बोलल्यासारखं करतो आणि घरं बघतो. बीटच्या पोलिसाने तिथल्या तिथे लिहून घेतलं. आम्ही सगळे शिकलेले, गाड्यांतून जाणारे, आमच्यापैकी एकानेही ती स्कूटर पाहिली नव्हती.

शेवती
काजूबीला जोडून. सगळे रात्रीचं बोलत आहेत. आमच्या मडगावच्या बाजूला घरं फुटली ती दुपारी, अकरा ते चारच्या मधे, सगळे कामावर असताना. मंगळसूत्रं खेचली गेली ती सकाळच्या फिरण्यात. त्या वेळी घरात आणि रस्त्यावर कोण असतं? बायका आणि म्हातारी माणसं. आणि बैठक होते रात्री आठला, जेवणाच्या वेळी, तिथे बोलतात पुरुष. ताई, रविवारची बैठक संध्याकाळी चारला घ्या. भाड्याने राहणाऱ्या बायकांनाही बोलवा. दुपारी वाड्यात त्याच असतात.

साधा गोंयकार
शेवती, हे पटलं. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

केगदी
आबोलीताई, आईने एक सुचवलं आहे, तिच्याच शब्दांत लिहिते. 'बंद घर कुलपावरून ओळखत नाहीत. अंगणातली पातेरी (सुकलेली पानं) आणि न पेटलेली तुळस यावरून ओळखतात.' तिन्हीसांजेला सगळ्या घरांपुढे दिवा आणि एका घरापुढे काळोख, म्हणजे घरात कोणी नाही. आई आता शेजारच्या बंद घराचं अंगण झाडते आणि तिथल्या तुळशीपुढे दिवा लावते. त्यांना फोन करून विचारलं तेव्हा मालकीण फोनवर रडली म्हणे.

आणखी एक. तुमची ती १७ घरं चवथीला उघडणारच आहेत. तेव्हाच भेटा सगळ्यांना. फोनवर कोणी नीट बोलत नाही, आरतीला गेल्यावर बोलतात.

आबोली
मंडळी, देव बरें करूं. काल बैठक झाली, चार वाजता. ६१ माणसं आली, त्यांत बायका निम्म्याहून जास्त. पोदेर आला, पेपरवाला आला. भाड्याच्या खोल्यांतल्या तिघी आल्या आणि मागच्या पायरीवर बसल्या. बाई (त्याच, ज्यांच्याकडे पहिली चोरी झाली) उठल्या, त्यांना पुढे घेऊन आल्या आणि आपल्या शेजारी बसवलं. त्यानंतर खोल्या रिकाम्या करण्याचा विषय कुणी काढला नाही. खोल्यांच्या दोन्ही मालकांनी भाडेकरूंचे फॉर्म या आठवड्यात ठाण्यात देण्याचं निरीक्षकांसमोर कबूल केलं.

दांड्यांची गस्त नको, हे मी रानवाट यांची पोस्ट वाचून सांगितलं, तुमचं नाव न घेता. तरुण आधी चिडले. पोलिसांनी त्यांना दुसरा मार्ग दिला. आठवड्यातून दोन रात्री, बीटच्या पोलिसाबरोबर, दोघे-दोघे, हातात फक्त बॅटरी आणि शिट्टी. कधी जायचं ते पोलीस त्याच दिवशी कळवणार. सहीच्या वह्या तीन. सर्वांत आतली वही बाईंच्या घरी. बाई म्हणाल्या, रात्री दोनला बेल वाजली तरी चालेल, मला झोप येत नाही तशीही.

काळोखातल्या खांबांचे नंबर लिहून पंचांना दिले, नऊ खांब निघाले. कॅमेरा सध्या एकच, वाड्याच्या तोंडावर, दुकानदाराच्या दारात. पुसणाऱ्या मुलाचं नाव ठरल्यावरच पैसे गोळा केले.

बंदोबस्ताचा प्रश्न विचारला, गस्तवाला काका. निरीक्षक क्षणभर थांबले, मग हसले आणि 'हे तुम्हाला कोणी शिकवलं?' म्हणाले. दुसऱ्या एका शिपायाचं नाव आणि नंबर लिहून दिला आहे.

गस्तवाला
शाबास! त्या दुसऱ्या शिपायालाही एकदा वाड्यावर चहाला बोलवा. नंबर असून उपयोग नाही, तोंडओळख हवी. रात्रीच्या अंधारात त्याला ते आतलं घर सापडायला हवं.

आबोली
धागा वर काढते. चवथ झाली.

आम्ही आरतीला घरोघरी गेलो, घुमट-शामेळ ही वाद्यं घेऊन, नेहमीसारखेच. फक्त या वेळी माझ्या पिशवीत फॉर्म होते. १७ पैकी १४ घरांनी भरून दिले. दोघांनी नाही म्हटलं, त्यांचा मान ठेवला. एका घरात भाऊभावांत वाद आहे, कोणी सही करायची हेच ठरेना. यादी कागदावर, दोनच प्रती.

विसर्जनानंतर आठव्या रात्री एका बंद घराच्या मागच्या बाजूला कौलं सरकल्याचा आवाज आला. भाड्याच्या खोलीतल्या एका बाईने ऐकला, तान्ह्या मुलाला पाजत होती. तिने शिट्टी वाजवली, मग ११२ लावला. गाडी आली तोवर चोर भाटातून (माडांच्या बागेतून) पळाले होते. पाच कौलं काढलेली, घरातलं काही गेलं नाही. कुणी आत शिरलं नाही, कुणी काही पुसलं नाही. कौलावरचे ठसे घेतले आहेत. समया अजून मिळालेल्या नाहीत, पंपही नाही. बाईंच्या चोरीचा एफआयआर आहे, ९० दिवस कधी होतात ती तारीख मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवली आहे.

बांधावरून
आमच्या पाटल्यांचा गुन्हा नोंद झाला. अधीक्षकांना पत्र लिहिल्यावर नवव्या दिवशी बोलावणं आलं. आईने फोटोतल्या पाटल्यांवर बोट ठेवून दाखवलं. कुळागर, आभार कसे मानू कळत नाही.

रानवाट
त्या बाईचा दरवाजा कुणी तरी नीट बसवून द्या, आबोलीताई. आता चोरांना माहीत आहे शिट्टी कुठून वाजली. सुतार हवा असेल तर मी येतो, सत्तरीहून, रविवारी.

आबोली
या रानवाट, जेवायलाच या. दार खरंच मोडकं आहे, मालक फळ्या देतो म्हणाला आहे.

आणि पुढचं काम आताच लिहून ठेवते. नोव्हेंबरात इफ्फीचा बंदोबस्त लागेल, बीटचा शिपाई पणजीला जाईल. व्हडली दिवाळीही, म्हणजे तुळशीचं लग्न, त्याच सुमारास. १४ बंद घरांपुढच्या तुळशींना दिवा लावायला माणसं हवीत. आतापर्यंत अकरा घरांची नावं आली. तीन घरं उरली आहेत, व्हाळाच्या पलीकडची.